उन्हाळ्यात उघडणारी खिडकी

आमच्या रोह्याच्या घराला माडीवर रस्त्याच्या अंगाला पाच खिडक्या आहेत आणि पाचही उघडतात. कोणती कधी उघडेल, हे मात्र त्या त्या खिडकीचं खासगी आहे. कोपऱ्यातली कार्तिकापासून मृगापर्यंत कामावर असते. बाकीचे महिने ती रजेवर. दुसरी झटक्यात उघडते, पण मिटायला राजी नसते, म्हणून तिच्या कडीला सुतळी बांधून ती पलंगाच्या पायाला दिलेली आहे. तिसरीची डावी झडप किंचित उचलायची, खालच्या कोपऱ्याला पायाचा अंगठा द्यायचा, कडीच्या वर चार बोटांवर तळहाताची थाप मारायची आणि त्याच क्षणी ओढायचं. थाप बरोबर जागी बसली तर झडप लोण्यासारखी आत येते. ही विद्या आजोबांकडून वडिलांना आणि वडिलांकडून मला मिळाली. मुंबईचे पाहुणे दोन दोन दिवस खटपट करून घामाघूम होऊन परत गेलेत. आमच्याकडे चोराला यायचं तर एक तर उन्हाळ्यात यावं लागेल, नाही तर आधी माझ्याकडे शिकवणी लावावी लागेल. चौथीबद्दल तक्रार नाही. पाचवीपुढे आईचं शिवणयंत्र उभं आहे, त्यामुळे ती उघडते हे आम्ही श्रद्धेने मानतो.

खिडक्या सागवानी. साडेचार फूट उंच, तीन फूट रुंद, उभे लोखंडी गज, आत उघडणाऱ्या दोन झडपा आणि वरच्या पट्टीत लाल, निळी, हिरवी, पिवळी अशा चार काचा. पैकी पिवळी माझ्या चेंडूने १९७८ साली फुटली. तिथे तेव्हापासून पुठ्ठा आहे. पुठ्ठा मात्र आम्ही दर वर्षी नवा लावतो. दुरुस्तीच्या बाबतीत हयगय नाही.

हे असं चाललं होतं आणि चालत राहिलं असतं. पण २०२३च्या दसऱ्याने घोटाळा केला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी निघते. पहाटे देवळात पोलिसांची सशस्त्र सलामी होते आणि मग पालखी घरोघरची पूजा घेत गावभर फिरते. आईचे गुडघे आता जिना उतरू देत नाहीत, म्हणून ती पालखी माडीवरून बघते, आणि ती कोपऱ्यातल्याच खिडकीतून. शेजारच्या खिडकीतून तोच रस्ता, तोच देव, तीच पालखी दिसते. पण सासूबाई कोपऱ्यातल्या खिडकीतून बघायच्या, त्यामुळे विषय संपला. पावसाळ्यानंतर जेमतेम ऊन लागलेली खिडकी ऑक्टोबरात उघडणार कशी? ढोल जवळ आला तसे मी, धाकटा भाऊ आणि शेजारचा कॉलेजातला मुलगा असे तिघे कडीला लागलो. तिसऱ्या हिसड्याला झडप आली. बिजागऱ्यांसकट आली. तिच्यामागे आम्ही तिघे पलंगावर आलो. देवाला साष्टांग नमस्कार पोटावर घालतात; आम्ही तो पाठीवर घातला, छातीवर सागवानी झडप घेऊन. आईने मागे वळूनही पाहिलं नाही. हात जोडून म्हणाली, "यंदा किती छान दिसतेय रे पालखी!"

संध्याकाळी बायकोने विषय काढला. "आता बदलून टाकू या."

इथे एक खुलासा करायला हवा. माझी बायको पेणची. रोहा आणि पेण यांच्यात रेल्वेने चाळीसेक किलोमीटर अंतर आहे आणि मधे निडी, नागोठणे, कासू एवढीच स्टेशनं. पण वस्तूंकडे बघण्याच्या दृष्टीत मधे सह्याद्री आहे. पेण हे गणपतींचं गाव. पेणला, हमरापूरला, जोह्याला वर्षभर मूर्ती घडतात, परदेशी जातात, घरोघर बसतात आणि दीड, पाच, सात, दहा दिवसांनी पाण्यात जातात. ज्या गावात साक्षात देवाला दर वर्षी निरोप देऊन पुढच्या वर्षी नवा आणतात, तिथल्या माणसाला जुन्या लाकडाचा काय पुळका असणार? "वाजतगाजत काढा आणि नवीन बसवा" हा तिथला स्थायीभाव. उलट आमचं रोहा. कोकण रेल्वे सुरू होते ती इथून. म्हणजे गोष्ट सुरू करून देणं हे आमचं काम. ती कुठे जाऊन संपते ते पुढच्या स्टेशनांनी बघावं. त्यामुळे खिडकीच्या बाबतीत मी दुरुस्तीचा प्रश्न हाती घेतला, असं त्याच रात्री जाहीर करून टाकलं. प्रश्न हाती घेतला की निम्मं काम होतं, हा माझा तीस वर्षांच्या कचेरीतला अनुभव आहे. उरलेलं निम्मं पुढचा माणूस बघतो.

पण लाकडी खिडकीची खरी गंमत तिच्या पंचांगात आहे. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं. फुगतं तेही कसं? लांबीला नाही, रेषांच्या आडवं, रुंदीला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हे शास्त्र समजावून सांगावं लागत नाही. तर आषाढात खिडकी अडकते तेव्हा सुतार बोलवावा, तर तो म्हणतो, ओल्या लाकडाला रंधा मारणार नाही, आता मारला तर वैशाखात तिथून बोट जाईल. त्याचं बरोबर असतं. भाद्रपदात गणपती, त्या दिवसांत मखर सोडून दुसऱ्या कशाला हात लावायला आमच्याकडे एक सुतार मोकळा नसतो. आश्विनात नवरात्र, मग दिवाळी. मार्गशीर्षापासून लग्नं, तेव्हा सुताराला पलंग आणि कपाटं. हे सगळं आटोपून एप्रिलात मिस्त्री येतो, कडीला करंगळी लावतो आणि झडप सुळ्ळकन उघडते. तो आपल्याकडे बघतो. आपण खिडकीकडे बघतो. डॉक्टरांच्या खोलीत शिरताच दाढदुखी थांबावी तसं होतं. "यात काय झालंय, दादा?" असं तो विचारतो आणि आपल्याकडे उत्तर नसतं. चहा घेऊन तो जातो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खिडकी पुन्हा गप्प बसते.

अशी आमची सत्तर वर्षं गेली. यात कुणाची चूक नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. आम्ही त्याच रस्त्याच्या शेजारी राहतो. संगतीचा परिणाम होतोच.

घर सामाईक असलं की खिडकीसुद्धा सामाईक असते. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी मोडक्या झडपेचा फोटो टाकला, ही माझी दुसरी चूक. (पहिली म्हणजे ओढताना मधे उभा राहिलो.) दादरचे काका म्हणाले, बदलू नका, बाबांच्या हातची आहे. बाबांच्या हातची म्हणजे आमच्या आजोबांनी सुताराकडून करवून घेतलेली. आजोबांना खिळा ठोकता येत नव्हता. डोंबिवलीच्या आत्याने लिहिलं, त्या खिडकीतच मला पहिल्यांदा बघायला आले होते, आणि पुढे डोळे पुसणारी तीन चित्रं. न्यू जर्सीच्या चुलतभावाने जुन्या लाकडाचं जतन कसं करावं यावर लांबलचक मजकूर पाठवला, त्यात एक वाक्य होतं की प्रत्येक जुनी खिडकी हा आपला वारसा आहे. मी नम्रपणे विचारलं की वारशाच्या पाचव्या हिश्श्याचे पैसे कुठल्या खात्यावर पाठवतोस. त्यानंतर तिकडे रात्र झाली. अजून उजाडलेलं नाही.

डिसेंबरात बायको मला पेणला घेऊन गेली. निमित्त भाचीच्या साखरपुड्याच्या खरेदीचं, पण मला ठाऊक होतं की मेहुण्याने घराला सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या केल्यात आणि त्या मला दाखवायच्या आहेत. मेहुणा मनाने मोठा माणूस. त्याने पोह्यांची ताटली हातात देण्याआधी एका बोटाने खिडकी सरकवून दाखवली. "बघा भावोजी, एका बोटाने." मग बंद करून दाखवली. मग त्याच्या आईने सरकवून दाखवली. मग पाच वर्षांच्या नातवाने. मला वाटलं, आता शेजाऱ्यांना बोलावतात की काय.

खरं सांगतो, मत्सर वाटला. जी गोष्ट आपण उचल, अंगठा, थाप, ओढ अशा चार पायऱ्यांनी करतो, ती हे लोक पोहे खाता खाता करतात. पण पोहे संपता संपता माझ्या लक्षात एक गोष्ट आली. सरकती खिडकी केवढीही घ्या, उघडते ती अर्धीच. एक पल्ला दुसऱ्याच्या मागे जाऊन उभा राहतो. म्हणजे पैसे सहा फुटांचे आणि वारा तीन फुटांचा. "मग आईंना पालखी अर्धीच दिसणार," मी म्हणालो. मेहुणा म्हणाला, "आधी डावा अर्धा उघडायचा, पालखी पुढे गेली की उजवा." माणूस हार मानणारा नाही.

तिथून आम्ही दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता आणि त्याच्याकडे भिंतीवर लेझर मारून माप घेणारं यंत्र होतं. आमच्या खिडक्या चाळीस किलोमीटरवर रोह्यात होत्या, तरी त्याने ते आपल्याच भिंतीवर मारून दाखवलं. अॅल्युमिनियम साध्यात फुटाला साडेचारशे, जाडा सेक्शन घ्याल तर जास्त, डासांच्या जाळीचा तिसरा ट्रॅक वेगळा, यूपीव्हीसी हवं तर आठशेच्या पुढे. रंग कोणते, असं बायकोने विचारलं. त्याने नमुन्यांची पेटी उघडली. पांढरा, करडा, काळा, आणि एक पट्टी त्याने खास खालून काढली. तपकिरी, त्यावर उभ्या लाटालाटांच्या रेषा.

"हे काय?"

"वुडन फिनिश. सागवानाचा लूक. हा सध्या खूप चालतो. याला फुटामागे थोडे जास्त पडतील."

मी त्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिलो. म्हणजे सागवान काढायला पैसे, धातू बसवायला पैसे आणि तो धातू सागवानासारखा दिसावा म्हणून आणखी पैसे. "आणि जुन्या खिडक्यांचं काय?" मी विचारलं. "ते टेन्शन नका घेऊ काका, आम्हीच काढून नेऊ, त्याचे काही लावणार नाही." हे वाक्य फार मायेने उच्चारलं जातं. जुनं सागवान कुठे जातं हे आता सगळ्यांना माहीत आहे. जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारात जातं, नाही तर मांडवा-अलिबागकडच्या बंगल्यांत जातं. तिथे झडपांच्या जागी आरसा बसवून ती भिंतीवर टांगतात आणि खाली दिवा सोडतात. आमच्या गल्लीतल्या एकाने आपल्या खिडक्या अशाच दिल्या आणि पुढे एका हॉटेलात जेवायला गेला, तेव्हा भिंतीवर त्याला ओळखीची झडप दिसली. कोपऱ्यावर त्याने लहानपणी कोरलेलं स्वतःचं नाव होतं. वेटरला तो सांगायला गेला, तर वेटर म्हणाला, सर, ते अँटीक आहे, हात लावू नका.

आता सरकत्या खिडकीला नावं ठेवायची तर तेही खरं नाही. डास येत नाहीत, रंग द्यावा लागत नाही, वाळवी तिच्या वाटेला जात नाही. पण पावसाळ्यात तिचा खालचा ट्रॅक म्हणजे लहानशी कुंडलिका नदी. पाणी बाहेर जायला त्याला भोकं असतात. पहिल्या पावसात त्यात माती, दुसऱ्यात मुंग्यांचं घर, तिसऱ्यात पाणी खोलीत. आणि निसर्ग वादळ मी विसरलेलो नाही. ३ जून २०२०ला ते आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दुपारभर घरं ओरडत होती. आमची निम्मी कौलं उडाली. समोरच्या नव्या इमारतीतला एक सरकता पल्ला ट्रॅकमधून निसटला आणि काचेसकट खाली आला. आमच्या झडपा जागच्या हलल्या नाहीत. अभिमानाने सांगावं असं यात फारसं काही नाही. पाऊस चार दिवस आधी झाल्याने त्या फुगून बसल्या होत्या. उघडतच नव्हत्या.

फेब्रुवारीत मिस्त्री आला. हा ऐकणारा मिस्त्री निघाला. त्याने खिडकी उघडून पाहिली नाही. टिचकी मारून ऐकली. कलिंगडवाला ऐकतो तशी. वर टक, मधे टक, खाली थप. "थप" ऐकल्यावर त्याने पटाशीचं टोक टोचलं, तर ते लाकडात अर्धा इंच गेलं, शिळ्या केकमध्ये जावं तसं. मग वरच्या बाजूला टोचलं, तर टोक घसरलं.

"वर काय नाय झालंय," तो म्हणाला. "खाली चार बोटं गेलंय. बाकी तुमच्या नातवाच्या नातवाला पुरंल."

मी विचारलं, वाळवी का? तो हसला. जुन्या सागवानात तेल असतं, वाळवी त्याला लवकर तोंड लावत नाही. आणि त्यात वाळूसारखं काही असतं, ते सुताराच्या रंध्याची धार खातं. (ते सिलिका, हे मी नंतर वाचलं. तो नुसतं "सागवान दात पाडतं" म्हणाला.) मग कुजलं कशाने? त्याने खिडकीतून मान बाहेर काढून वर पाहिलं आणि मलाही बघायला लावलं. ओळीतलं एक कौल अर्ध्यात फुटलेलं होतं आणि त्याचं पाणी पागोळीतून न जाता थेट चौकटीच्या कोपऱ्यावर पडत होतं. किती वर्षं, देव जाणे. "खिडकी आजारी नाय तुमची. कौल आजारी आहे." एका कौलाची ती किंमत. आम्ही पन्नास हजारांच्या खिडक्या बदलायला निघालो होतो आणि रोग छपरावर बसला होता.

दुसरा रोग त्याने नखाने खरवडून दाखवला. रंग. झडप जिथे चौकटीत बसते तिथे रंगाचा थर जवळजवळ पाव इंच झालेला. "अर्धी फुगलीय पावसानं, अर्धी फुगलीय रंगानं. दर लग्नाला रंग काढलाव ना?" काढला होता. आमच्याकडे घरात लग्न निघालं की खिडक्यांना तेलरंग, जुन्यावर नवा. एकेका लग्नाने खिडकी जाड होत गेली. लग्नाने माणसं होतातच.

"मग करू का दुरुस्ती?" बायकोने विचारलं. ती अजून पेणमध्येच होती मनाने. मिस्त्रीने दर सांगितला: दिवसाचे बाराशे आणि दोन वेळचा चहा. किती दिवस? "लाकूड सांगंल तितके." सरकत्या खिडकीवाल्याने अर्ध्या तासात पाच खिडक्यांचा आकडा सांगितला होता, पैशापर्यंत. इकडे एक आकडा पक्का, दुसरा सागवानाच्या मर्जीवर. मला समजलं की लोक खिडक्या बदलतात त्या खिडक्यांना कंटाळून नव्हे. "लाकूड सांगंल तितके" या वाक्याला घाबरून.

आम्ही नवरा-बायको तीन दिवस बोललो. मला या विषयावर नको तितकी माहिती गोळा करण्याची खोड आहे, म्हणून मी तिला सांगितलं की इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता आणि लोकांनी तो चुकवायला खिडक्या चक्क विटांनी बुजवल्या. ती म्हणाली, हा पर्याय दुकानदाराने सांगितला नव्हता. मी सांगितलं की जपानात इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्या लाकडात जसंच्या तसं बांधतात आणि तरी ते जुनंच समजलं जातं. ती म्हणाली, बघा, जपानी पेणचेच. या संवादात माझ्या बाजूने एकही मुद्दा पडला नाही, म्हणून मी अलिबाग काढलं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकांना त्या सुखाने बसू देणार नाहीत, म्हणून ती इकडे हलवली आणि तिथल्या खास इमारतींत लोखंड टाळलं. दगड पोरबंदरचा आणि धातू लागेल तिथे तांबं-पितळ. तेव्हा आपणही लोखंडी स्क्रूऐवजी पितळी वापरले, तर बिजागऱ्या गंजणार नाहीत. "म्हणजे दुरुस्ती ठरली?" तिने विचारलं. बोलता बोलता ठरून गेलं होतं. मीही चमकलो. आमच्या घरात काही ठरण्याची ही पहिलीच वेळ.

तिची अट एकच होती: काम मे महिन्यात, लाकूड कोरडं असताना, आणि मृगाच्या आधी संपलं पाहिजे. आणि चारही काचा. पुठ्ठा नको.

मे महिन्यात माडीवर जे चाललं त्याला सुतारकाम म्हणण्यापेक्षा उत्खनन म्हणावं. मिस्त्री झडपा उतरवून ओटीवर आणायचा आणि मी रंग खरवडायचा, असं ठरलं. जुन्या तेलरंगात शिसं असायचं. घरगुती रंगातल्या शिशाला आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा घातली ती २०१६च्या नियमांनी, आणि आमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून तोंडाला फडकं बांधून, पाण्याने भिजवून, पत्रीने हळूहळू खरवडत होतो. सगळ्यात वर मळकट दुधी: धाकट्या भावाचं लग्न. त्याखाली एक झगझगीत पिवळा, तो माझ्या लग्नातला. सासऱ्यांनी पेणहून डबा पाठवला होता, रंगशाळेतून, पीतांबरासाठी आणलेल्यातला उरलेला. माझ्या लग्नाच्या फोटोत आमचं घर गणपतीच्या सोवळ्यासारखं दिसतं. त्याखाली आकाशी, आत्याचं लग्न. आत्या तेव्हा मुंबईहून आलेल्या स्थळाला म्हणाली होती म्हणे, की आमच्याकडे समुद्राचा रंग आहे. समुद्र रोह्यापासून बराच लांब आहे. आकाशीखाली शाळेच्या फळ्याचा हिरवा. त्याखाली चॉकलेटी. आणि चॉकलेटी निघाल्यावर लाकूड. ओल्या फडक्याने पुसलं तर ते मधासारखं चमकलं आणि त्याचा वास आला, थोडा चामड्याचा, थोडा जुन्या पेटीचा. मी सकाळी नऊला बसलो होतो. दीडला आई वरून ओरडली की जेवायला यायचंय की झडपच चाटणार आहेस.

मिस्त्रीने कुजलेला भाग तिरका कापून टाकला. वखारीतून त्याने जुन्याच सागवानाचा तुकडा आणला होता. नवं आणि जुनं लाकूड एकत्र बसवलं तर दोघं वेगवेगळी फुगतात, असं त्याचं म्हणणं, सासू-सुनेच्या उपमेसकट. तुकडा त्याने असा बेमालूम बसवला की सांधा हाताला लागत होता, डोळ्याला दिसत नव्हता. मग बारीक भेगांत लांबी भरली. लांबी हा शब्द मिस्त्रीच्या तोंडी ऐकून बायको आधी घाबरली होती. "लांबी भरायला दोन दिवस" याचा अर्थ तिने खिडकी आणखी लांब होणार असा घेतला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, पण उंचीचं काय?

मग वरची कड. ही मला आयुष्यात ठाऊक नव्हती. झडप चौकटीत असते तोवर तिची डोक्यावरची कड कुणालाच दिसत नाही आणि म्हणून तिला कुणी रंग देत नाही. मिस्त्रीने झडप आडवी करून ती दाखवली. पाच थरांच्या रंगाला जिथे शिरकाव नव्हता, ते कोरडं, करडं, उघडं लाकूड. "रंगारी दिसतं तिथं रंगवतो. पाणी नाय दिसत तिथून शिरतं," तो म्हणाला आणि जवसाच्या तेलाचा बोळा घेऊन कडेवर टेकवला. टेकवला आणि थांबला.

"दादा, हितं काय लिवलंय."

शिसपेन्सिलीची बारीक मोडी-मिश्रित अक्षरं होती. मोडी मला येत नाही, पण पुढचं बाळबोध होतं आणि अक्षर आजोबांचं. आई चष्मा घेऊन खाली आली, जिना उतरून. गुडघ्यांचं नंतर बघू म्हणाली. आम्ही चौघांनी झडपेभोवती उकिडवं बसून वाचलं. ज्येष्ठ, शके १८७६. सुतार दोन दिवस. सहा रुपये, पैकी दिले पाच. बाकी एक. आणि शेवटी, जरा मोठ्या अक्षरात: ही खिडकी पुढल्या साली नवी करणे.

शके १८७६ म्हणजे १९५४. कुणी काही बोलेना. त्या वर्षी देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, ज्यांचं बालपण आमच्या याच रोह्यात गेलं. आणि त्यांच्या कारकिर्दीत, त्यांच्या गावात, आमच्या आजोबांनी सुताराचा रुपया बाकी ठेवला होता.

"सुताराचं नाव नाय लिवलं," मिस्त्री म्हणाला. त्याने कडेवरून नजर हलवली नव्हती. "पण त्या टायमाला या आळीत काम आमचा आजाच करायचा."

"कशावरून?"

"कूस बघा. असा तिरका कोपरा तोच ठेवायचा. बापाला त्याने शिकवला, बापाने मला." त्याने नव्या जोडाचा कोपरा दाखवला. तो तसाच होता, हे मला मान्य करावं लागलं. थाप कुठे मारायची ही विद्या फक्त आमच्याच घराण्यात चालत आली होती असं नव्हतं.

बायकोने तोवर मोबाइलवर हिशोब केला होता. पेणची माणसं व्यापारात पक्की. "आठ टक्के चक्रवाढ धरलं तर सत्तर वर्षांत दोनशे अठरा रुपये होतात," ती म्हणाली. मिस्त्री ओशाळला. चक्रवाढ नको, म्हणाला, साधा रुपया तो साधा रुपया. मी खिशातून रुपयाचं नाणं काढून त्याच्यापुढे धरलं. आईने मला थांबवलं, आत जाऊन हळद-कुंकू घेऊन आली आणि नाण्याला लावलं.

त्याने नाणं घेतलं, कपाळाला लावलं, आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"राहू दे, दादा. चार खिडक्या अजून बाकी आहेत ना? त्यात धरू." तेलाचा बोळा त्याने पुन्हा उचलला आणि अक्षरं सोडून दोन्ही बाजूंनी कड पुसली. मग कानावरची पेन्सिल काढून माझ्याकडे दिली. "तुम्ही पण लिवा कायतरी. जागा आहे."